न निघालेल्या होडीची तयारी

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर सांगितलंत, की उन्हाळ्यात होडी घेऊन चार दिवस तळ्यांवर जाणार आहात, मासे पकडणार, तंबूत राहणार. आणि विचारलंत, आजी, तू कधी असं केलं आहेस का? मी नाही म्हणाले. उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. मी अशा सहलीला कधी गेले नाही. पण तिची तयारी मात्र मी केली आहे, आणि अगदी कसून केली आहे. म्हणून हे लिहिते. मराठी वाचायला कंटाळा आला तर तुमच्या बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही यातलं बरंचसं माहीत नाही.

तेव्हा आम्ही सौदी अरेबियात राबिघला होतो, जेद्दाच्या उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या काठी. तुमचे आजोबा तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर होते. आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो. तुमचा बाबा दुसरीत होता, आत्या अजून शाळेत जात नव्हती. इराकने कुवेत घेतलं त्या उन्हाळ्यात कॉलनीतली गोरी मंडळी एकेक करून जायला लागली. त्यात एक कॅनडाचा गृहस्थ होता. जाताना त्याने आपली होडी आजोबांच्या मित्राला देऊन टाकली. हिरव्या रंगाची, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. सोबत दोन वल्ही, एक तंबू आणि अशा सहलींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक.

मित्राची बायको माझी मैत्रीण. मैत्रीण हा शब्दही कमी पडेल. ती अलिबागकडची, मी पुण्याची. तिला समुद्र कळायचा, मला पुस्तक कळायचं. बाईला तिथे गाडी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे जग म्हणजे कॉलनीची भिंत आणि भिंतीच्या आत आम्ही दोघी. सकाळी नवरे कामावर गेले की आमच्या शेजारशेजारच्या दोन घरांची दारं उघडी राहायची ती दुपारपर्यंत.

बेत असा होता, की राबिघच्या वरच्या बाजूला खाडीसारखा एक भाग आहे, तिथे तिवरांच्या झाडीत होडी घालायची, आतल्या वाळूच्या पट्टीवर तंबू ठोकायचा आणि दोन दिवस राहायचं. मी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वजन कुठे ठेवायचं, पुढे कोणी बसायचं, वल्हं कसं धरायचं, हे मी तिला जेवणाच्या खुर्चीवर बसून केरसुणीने करून दाखवायची. ती हसायची.

"पुस्तकात अस्वलांचं काय लिहिलंय?" ती म्हणायची. "ते आधी वाच."

तिने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात तिथी पाहून दिवस काढायला घेतला. अष्टमीला पाणी मरतं, पुनवेला उधाण येतं, हे तिचं लहानपणापासूनचं गणित. तुमच्या आजोबांनी तिला समजावलं, की वहिनी, या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, वीतभर पाणी वरखाली होतं.

"मग हा कसला समुद्र, भावोजी," ती म्हणाली, "ही तर परात."

तिचा नवरा शिकारीच्या गोष्टी करायचा. वाळवंटात ससे आहेत, तितर आहेत, मी आणतो. परदेशी माणसाला बंदूक ठेवायला मिळत नव्हती. शेवटी त्याने पोरांसाठी एक गलोल केली आणि तिच्या दगडाने आमच्या खिडकीची काच फुटली, तेवढीच काय ती शिकार. मासे मात्र तिच्यावर सोपवले होते. गळ आणि दोरी तिने जेद्दाच्या बाजारातून मागवली होती. तिथला हामूर मासा कसा भाजायचा यावर आमची दोन दिवस चर्चा झाली होती.

कॉलनीत पोहण्याचा तलाव होता आणि त्याला बायकांची वेगळी वेळ होती. एकदा आम्ही दोघींनी नवऱ्यांकडून ती होडी तिथे आणवून ठेवली आणि पंजाबी ड्रेस घालून तलावात उतरवली. मी पुढे, ती मागे. दोन वल्ही मारली नाहीत तोच आम्ही भिंतीला जाऊन आपटलो. मल्याळी बायका काठावर बसून टाळ्या वाजवत होत्या. हसून हसून थकल्यावर आम्ही होडीतच बसून राहिलो.

त्याच आठवड्यात कंपनीने कळवलं होतं, की ज्यांना बायकामुलं घरी पाठवायची असतील त्यांनी नावं द्यावीत, विमानात जागा राखून ठेवू. नवरे मात्र जाऊ शकणार नव्हते. लढाई लागली तर कारखान्यातच राहायचं, असा त्यांना हुकूम होता. म्हणजे हल्ल्याचा भोंगा वाजला की घरात मी आणि दोन पोरं. मला त्याचीच भीती होती. लढाईची नाही, एकटीची.

मी तिला तसं म्हणाले. तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"तू राहणार असशील तर मी राहते," ती म्हणाली. "भोंगा वाजला की मी पोरांना घेऊन तुझ्याकडे. एका खोलीत सगळे. दाराच्या फटींना चिकटपट्टी तुझी, भजी माझी."

मी त्या संध्याकाळी तुमच्या आजोबांना सांगितलं, आपली नावं देऊ नका. त्यांनी फक्त मान हलवली. शेजारी मैत्रिणीच्या घरीही नावं दिली नाहीत. काही दिवसांनी यादी बंद झाली. सहल संक्रांतीनंतरच्या गुरुवार-शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ठरली. त्या दिवसांत लढाई लागणार की नाही याशिवाय कोणी दुसरं बोलत नव्हतं, आणि आम्ही मात्र मेतकूट किती न्यायचं ते ठरवत होतो. लोकांना आम्ही वेड्या वाटत असू. मला तर त्या बेताचा आधार वाटायचा. जिला भारतात परत जायचं आहे ती बाई तंबूच्या दोऱ्या तपासत बसत नाही, असं मी समजत होते. समुद्रात होडी घालायला तटरक्षकांची परवानगी लागायची. परवानगीचं काय झालं म्हणून विचारलं की तुमचे आजोबा म्हणायचे, "होईल, चाललंय."

संक्रांतीला पहिलं हळदीकुंकू तिच्याकडे झालं. कॉलनीत आम्ही मराठी बायका सात-आठच होतो, पण तिने गुजराती, तेलुगू, सगळ्यांना बोलावलं. आम्ही काळ्या साड्या नेसून, वर तिथले अंगभर काळे अबाये घालून तिच्या दारात पोचलो.

"इथे काय, आपली रोजच संक्रांत," ती दारातच म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

हळदीकुंकवाला आपण वाण देतो हे तुम्हाला आईने दाखवलं असेल. वाटी, फणी, कुंकवाचा करंडा, असं काहीतरी लहानसं. तिने त्या दिवशी काय लुटलं म्हणून सांगू. स्टीलचे मोठे डबे. इस्त्री. गरम पोळ्या ठेवायचा डबा. एकीला मिक्सर, एकीला तिच्या मुलीची तीनचाकी सायकल. बायका संकोचायच्या, तर ती म्हणायची, "घे गं, यंदा मनात आलं मोठं वाण द्यायचं. कोणी सांगावं पुढच्या वर्षी आपण कुठे असू." सगळ्यांना ते पटलं, कारण तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. मी तिच्या शेजारी उभी राहून प्रत्येकीला हळदकुंकू लावत होते आणि मनात म्हणत होते, केवढं मोठं मन आहे हिचं. मला तिने थर्मास दिला. "होडीत चहा," ती म्हणाली. तिळगूळ हातावर ठेवताना तिने माझा हात जरा जास्त वेळ धरला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. दोन दिवस टिकतील अशा, कडक. अर्ध्या पुऱ्या तिच्या डब्यात भरून मी तिच्याकडे गेले. दार बंद होतं. त्या वेळी ते दार बंद कधीच नसायचं. घंटा वाजवली तर तिच्या नवऱ्याने उघडलं. कामाचा दिवस, आणि तो घरात, दाढी न केलेला. मागे बैठकीची खोली दिसत होती. गालिचा गुंडाळलेला.

"ती आहे?" मी विचारलं.

"वहिनी, ती आता जेद्दाला पोचली असेल. दुपारचं विमान आहे."

मी डबा हातात धरून तशीच उभी. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा बदलला.

"तुमच्या नवऱ्याने सांगितलं नाही? त्याला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं मी."

मी डबा त्याच्याकडे दिला नाही. घरी आणला. दार बंद केलं. आत्या विचारत होती, आपण कधी जायचं मावशीकडे. मी तिला पुरी दिली.

तुमचे आजोबा दुपारी जेवायला आले. मी पान वाढलं. मला आरडाओरडा करता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी त्यांचं निम्मं जेवण होऊ दिलं.

"ती गेली, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

त्यांनी घास खाली ठेवला. "त्याने शपथ घातली होती. तिच्या आईने फोनवर रडून गोंधळ घातला, म्हणून त्याने कोणातरी मोठ्याला सांगून जागा मिळवल्या. बभ्रा झाला असता तर सगळ्यांनीच मागितल्या असत्या."

"आणि तटरक्षकांची परवानगी?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

"अहो, परवानगी?"

"नाकारली. नाताळच्या आधीच. किनाऱ्यावर आता कोणालाच सोडत नाहीत."

"मग मी आज पुऱ्या कोणासाठी तळल्या?"

मुलं टेबलाशी होती. तुमचा बाबा गलोलीच्या रबराशी खेळत होता. आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कळलं असतं तर तूही गेली असतीस."

"विचारलं होतं?"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर? रिकाम्या घरात मी काय करायचं?"

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांचं हे एवढं खरं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते ऐकून मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मैत्रिणीने मला सोडलं होतं, ते मी समजू शकत होते. तिला तिची आई होती, पोरं होती. पण यांनी मला धरून ठेवलं होतं आणि कळू दिलं नव्हतं. आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून ते तंबूच्या खुंट्या मोजत होते, पुढे कोण बसणार म्हणून वाद घालत होते. आणि गंमत अशी, की त्यांनी नुसतं म्हटलं असतं, मला एकट्याला राहवणार नाही, तू थांब, तर मी थांबले असते. हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

दोनच दिवसांत लढाई लागली. सहलीच्याच गुरुवारी, पहाटे. आम्ही रेडिओवर ऐकलं आणि ते कारखान्यात गेले. लढाई आमच्यापासून फार लांब होती, रियाध आणि दमामच्या बाजूला. पण कारखाना म्हणजे तेल, आणि तेलावर केव्हाही बॉम्ब पडेल असं सगळे म्हणायचे. सरावाचा भोंगा वाजला की मी पोरांना आतल्या खोलीत नेऊन, विषारी वायू आत येऊ नये म्हणून, दाराच्या फटीला पट्टी लावायची. तुमच्या बाबाला मास्क मोठा व्हायचा, आत्या तो घालायलाच तयार नसायची. मी त्यांना गोष्टी सांगायची आणि मध्येच थांबायची, कारण शेजारच्या घराचा फोन वाजत राहिलेला ऐकू यायचा. कोणी उचलायला नसायचं. तिचा नवराही पाळीवर. फोन कदाचित तिचाच असेल. तिने मला मात्र एकदाही केला नाही.

आजोबा घरी आले की आम्ही गरजेपुरतं बोलायचो. भात आहे, पाणी भरलंय, मुलगी झोपली. ते पट्टी आणून द्यायचे, खिडक्या लावायचे, माझ्याहून जास्त काम करायचे. एकदा म्हणाले, "मी चुकलो." मी म्हटलं, "आमटी गरम करू?"

फेब्रुवारीत जेद्दाहून थोडी विमानं सुटायला लागली. एके दिवशी ते कफीलच्या, म्हणजे ज्याच्या हमीवर आम्ही तिथे होतो त्या मालकाच्या, माणसाकडे खेटे घालून आमचे पासपोर्ट घेऊन आले, वर परत यायचा शिक्का मारलेले, आणि तीन तिकिटं. टेबलावर ठेवली आणि लांब जाऊन बसले.

"आता लढाई संपतच आली म्हणतात," ते म्हणाले. "जायलाच हवं असं नाही. तू ठरव."

खरंच तेव्हा जाण्याची गरज उरली नव्हती. मी इतके आठवडे एकटी त्या खोलीत बसले होते. ज्याची भीती होती ते करून झालं होतं. पोरांनाही सवय झाली होती. शहाणी बाई थांबली असती. मी उठून बॅगा काढल्या.

जेद्दाचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. मुलं मागे झोपली होती. विमानतळावर त्यांनी सामान उचलून दिलं, तुमच्या बाबाच्या बुटाची नाडी बांधली. मग मला म्हणाले, "परत येशील ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मी त्यांना दुखवायला म्हणाले नाही. मला खरंच माहीत नव्हतं, आणि त्यांच्याशी तेव्हा मला फक्त खरं बोलायचं होतं.

मी पावसाळा संपल्यावर परत आले. त्याआधी ते दर आठवड्याला फोन करायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचे, आणि मी दर वेळी अजून ठरलं नाही म्हणायची, आणि ठरलं तेव्हा कळवलं. मैत्रीण माझ्या आधीच परतली होती. ती दारात येऊन म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि माझा पाय निघाला नसता." ते खरं असेल. मी तिला आत घेतलं, चहा केला. दोन घरांची दारं मात्र पुन्हा उघडी राहिली नाहीत.

आता आपल्या घरात सगळे सांगतात, की युद्धाच्या धामधुमीत आजोबांनी आजीला आणि मुलांना सुखरूप घरी पाठवलं. तुमचा बाबाही असंच सांगतो. त्याला विमानातली नारिंगी जेली आठवते आणि आजोबांचा हलणारा हात. ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या भाषणातही कोणीतरी हे सांगितलं, आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं. तुम्हाला म्हणून लिहून ठेवते. त्यांनी मला पाठवलं नाही. त्यांनी एकदा मला न विचारता ठेवून घेतलं, आणि एकदा विचारलं. विचारलं तेव्हा मी गेले.