इरफान परकारांची व्हायकिंग तलवार

इरफान परकार मूळचा दापोलीचा. मस्कतमध्ये वादी कबीरला त्याचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ज्या विषयातलं काही कळत नाही, तो विषय इरफान सर्वांत मोठ्या आवाजात समजावून सांगतो.

गेल्या वर्षी पूर ओसरल्यावर तो बायकोला, तस्नीमला, घेऊन वादीकाठी, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याकाठी, जेवायला गेला होता. तिथे गोट्यांत त्याला गंजलेली, सरळ पात्याची तलवार सापडली. त्याने मोबाइलवर फोटो टाकला. मोबाइल म्हणाला, व्हायकिंग. झालं!

"व्हायकिंग म्हणजे कोण?" तस्नीमने विचारलं.

"बर्फातले दर्यावर्दी लुटारू."

"मग ते या उकाड्यात कशाला येतील?"

"आपण कशाला आलो? कमवायला!"

पात्यावर पुसट अरबी अक्षरं होती. ती काही व्हायकिंगांत बसेनात. "कुणीतरी मागाहून खोडी केलेली दिसते," असं म्हणून इरफानने ग्राइंडर चालवला, वर गाडीचं पॉलिश मारलं. तलवार नव्या बंपरसारखी चकाकू लागली.

मग तिथल्या मराठी मंडळींनी शहरातल्या रुवी भागात एका हॉलमध्ये त्याचं व्याख्यान ठेवलं. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे आले. प्रश्न एकानेही विचारला नाही. सेल्फीसाठी मात्र रांग लागली.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नावावर गॅरेजचा परवाना होता ते ओमानी अर्बाब, म्हातारे रशीद, आले. इरफानने मोठ्या ऐटीत तलवार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अलगद तोलली, पात्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या आजोबांकडे अशीच होती," ते हिंदीत म्हणाले. "इथे नाव कोरलेलं असतं. ह्यावरचं कुठे गेलं?"

इरफानने ग्राइंडरकडे पाहिलं. रशीदनीही पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"यल्ला, चल, गाडीत बस."

पुराणवस्तूंच्या कचेरीतल्या बाईंनी तलवार तपासली. ती इथलीच होती, जुनी. कोणाची, ते आता सांगता येणार नव्हतं. सापडलेली वस्तू लगेच कळवायची असते, हे त्यांनी बजावलं आणि तलवार ठेवून घेतली.

व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळींनी "आम्हाला तेव्हाच शंका आली होती" असं सांगून आपापल्या सेल्फी पुसून टाकल्या.

"काय म्हणाले कचेरीत?" तस्नीमने विचारलं.

इरफान पाणी प्यायला, त्याने घसा साफ केला. "म्हणाले, इतकी स्वच्छ तलवार आजवर कुणीच आणून दिली नव्हती."