शुक्रवारची गोळी

माझी लेक नऊ वर्षांची होती तेव्हा मी तिला दोन गोष्टी शिकवल्या. गोळी गिळायची कशी आणि गप्प बसायचं कसं. गोळी गिळायला तिला चार दिवस लागले. गप्प बसायला ती एका संध्याकाळीत शिकली, आणि इतकं चांगलं शिकली की त्यात तिचा जीव जाणार होता.

आधी कोपरांवर चट्टे आले, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. लालभडक, वरून पांढरे पापुद्रे. खाजवलं की अंथरुणात कोंडा पडायचा. सोरायसिस हे नाव आम्हाला कळायलाच वर्ष गेलं. तोवर गजकर्ण म्हणून, नायटा म्हणून, उष्णता म्हणून ज्याने जे सांगितलं ते लावून झालं. मग डांबराचं काळं मलम आलं. त्याच्या वासाने घर नव्या सडकेसारखं झालं आणि एक चादर धड राहिली नाही. चट्टे होते तिथेच.

शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. एका मुलीच्या आईने बाईंकडे जाऊन महारोग हा शब्द उच्चारला. मी शाळेत गेले आणि वर्गाच्या दारातच त्या आईला गाठून तिची जी काय पूजा बांधली, ती ऐकायला शिपाईसुद्धा हातातली घंटा धरून उभा राहिला. तोंडाची मी फाटकीच. पण घरी आले आणि काय केलं? मशीन काढलं आणि पोरीचे सगळे फ्रॉक उसवून मनगटापर्यंत बाह्या लावल्या. भांडायला मी वाघीण होते. लोकांना मात्र मीसुद्धा भीत होते.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे चामडीच्या डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं. मला ते पटलंही. पण गल्लीला कोण पटवणार? मुलीची जात. उद्या कुणी पाहायला आलं, आणि कुणीतरी कानात सांगितलं की हिच्या अंगावर असलं काही आहे, तर संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी माझ्या आईकडून शिकले होते आणि त्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

मलमांनी काही होईना तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बारीक, पिवळ्या. आठवड्यातून एकच दिवस, जेवणानंतर दोन. "कुठला वार धरता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शुक्रवार. अंबाबाईचा वार, विसरायची नाही." ते म्हणाले, "कुठलाही धरा, पण बदलू नका. आणि ही गोळी रोज दिली तर विष आहे." मग शाळेतल्या पोराकडून पाढा म्हणून घ्यावा तसं माझ्याकडून ते म्हणून घेतलं. शुक्रवारी दोन. बाकी दिवस नाही. मी म्हटलं, जरा रागानेच, कारण मला इतकं काही समजावून सांगायची गरज नव्हती.

लेकीला गोळी गिळता येत नव्हती. जिभेवर ठेवली की उमासा यायचा. कुटून द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी भिजवलेले मूग घेऊन बसले. एक मूग, एक घोट पाणी. पहिल्या दिवशी सगळे मूग तिच्या फ्रॉकवर. मी दोनदा ओरडले, एकदा धपाटा घातला, मग माझं मलाच रडू आलं. चौथ्या दिवशी एक मूग गेला. तिने तोंड उघडून आ करून दाखवलं, जीभ उचलून दाखवली. "गेला गं आई!" पुढच्या शुक्रवारी वरणभातावर तिने दोन्ही गोळ्या गिळल्या आणि पुन्हा तसंच आ करून दाखवलं. मी तिला घेऊन देवळात गेले, गूळ-फुटाण्याची पुडी हातात दिली.

तिथेच, देवळाबाहेरच्या पायरीवर, मी तिला दुसरी गोष्ट शिकवली. ही गोळी कसली, हे कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, ताकदीची. तिने विचारलं, "आणि आणखी काही विचारलं तर?" मी म्हटलं, "तर गप्प बसायचं. घे माझी शपथ." तिने फुटाणे मांडीवर ठेवून माझ्या गळ्याला हात लावला.

शनिवारी तिला मळमळायचं, ताट पुढे आलं की ती तोंड फिरवायची. मध्येच रक्त तपासायला न्यायला लागायचं. पण दोन महिन्यांत कोपरांवर नवी कातडी दिसू लागली. मी रोज अंघोळ घालताना त्यावरून बोट फिरवून बघायची. तेवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

त्या सुखानेच मी शेफारले. मे महिन्यात तिला नेसरीला पाठवायचं ठरवलं. तिथे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या वन्सं. लेक त्यांना आत्ती म्हणायची. दोन वर्षं मी काही ना काही निमित्त काढून तिला तिकडे जाऊ दिलं नव्हतं, आणि पोर आत्तीसाठी झुरत होती. वन्संची माया दांडगी. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि आमच्या भावकीतली निम्मी लग्नं त्यांच्याच सोप्यात ठरायची. त्यांना कळलं की पंचक्रोशीला कळलं. म्हणून मी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल पाण्यात भिजवून नखाने काढलं. गावात कुणी शिकलेला निघाला आणि त्याने नाव वाचलं तर? इतका पुढचा विचार मी केला होता.

वन्सं न्यायला आल्या तेव्हा बाटली त्यांच्या हातात देऊन मी सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या आहेत. दर शुक्रवारी दोन द्यायच्या, जेवल्यावर. शुक्रवारीच हं." त्यांनी बाटली कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "आंबाबाईचा वार व्हय? बरं बरं." मला वाटलं, समजल्या.

सोळाव्या दिवशी भरदुपारी रिक्षा दारात थांबली. वन्सं लेकीला कडेवर घेऊन उतरल्या. नऊ वर्षांची पोर, पण कडेवर मावत होती. गडहिंग्लजला गाडी बदलून, उन्हातून त्या तिला घेऊन आल्या होत्या. अंग तापाने भाजत होतं. ओठ फुटलेले, तोंड आतून सोललेलं, पाणीसुद्धा आत जात नव्हतं. दंडावर काळेनिळे डाग.

"उष्णता झालीया वैनी," वन्सं म्हणाल्या. "लोणी लावलं, सब्जा दिला, कायबी उतार न्हाय. ताकद राहावी म्हणून तुझ्या गोळ्या तेवढ्या चुकवल्या न्हाईत बघ. संपल्या बी. येताना नवी बाटली आण म्हणून सांगणार हुतो, तवर ही अशी झाली."

मी त्यांचा दंड धरला. "संपल्या? वन्सं, शुक्रवारी म्हटलं होतं ना मी?"

"शुक्रवारी तर दिल्याच की! गूळ-फुटाणं ठेवून, दिवा लावून दिल्या. तुझा नेम मोडला न्हाय मी. पर ताकदीची गोळी आठ दिसांतनं एकदा घेऊन कुठं ताकद येतीया? पोरगी काडीवानी. म्हटलं, वार देवीचा, गोळी पोरीची. रोज दिली, दुधासंगं. ताप आल्यावर दोनाच्या तीन केल्या."

पुढचं मला सलग आठवत नाही. दवाखान्याचा हिरवा पडदा आठवतो. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, तोंडात बॅटरी मारली आणि विचारलं, किती दिल्या. वन्संनी सांगितलं, अगदी अभिमानाने नाही, पण बिनधास्त. कारण त्यांच्या मते त्या काही वाईट सांगतच नव्हत्या. "ताकदीच्याच हुत्या न्हवं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा माझ्याकडे पाहत होता. वन्सं माझ्याकडे पाहत होत्या. मी फरशीकडे बघत म्हणाले, "मी त्यांना शुक्रवारी म्हणून सांगितलं होतं."

ते खरं होतं. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोलले, पण माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात वाईट वाक्य हे खरं वाक्य आहे. डॉक्टर घाईत होते, ते आत गेले. माझा नवरा बहिणीवर तुटून पडला. व्हरांड्यात दहा माणसांदेखत तो तिला अडाणी म्हणाला, कैदाशीण म्हणाला. पोरीला विष घातलंस म्हणाला. अंगाखांद्यावर ज्याला खेळवलं त्या भावाचं त्या सगळं ऐकत राहिल्या आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागल्या. मी त्यांना धरलं. धरलं, आणि गप्प राहिले.

लेकीच्या रक्तात काही उरलं नव्हतं. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, रक्त चढवलं, उताऱ्याचं इंजेक्शन मुंबईहून मागवावं लागलं. आठव्या की नवव्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. मी चमच्याने पाणी पाजत होते. मी विचारलं, "अगं, तुला माहीत होतं ना शुक्रवारची गोळी आहे? मग आत्तीला नको का म्हणाली नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी झाले आहे. "म्हटलं होतं. ती म्हणाली, का नको? मग मी काय सांगणार? तुझी शपथ होती ना." आणि चमचा बाजूला सारून म्हणाली, "मी मोडली नाही."

ती जगली. गोळ्या बंद झाल्या आणि दिवाळीपर्यंत सगळे चट्टे परत आले. तिकडे नेसरीला गावभर झालं ते एवढंच, की वन्संनी अडाणीपणाने औषध जास्त दिलं. कसलं औषध, ते कुणी विचारलं नाही. माझी मूठ झाकलेलीच राहिली.

वन्सं मात्र बदलल्या. आम्ही गेलो की भाकरी थापायच्या, पण लेकीच्या ताटात स्वतः वाढायच्या नाहीत. सुनेला हाक मारायच्या. पाणीसुद्धा द्यायच्या नाहीत. पदराखाली हात घेऊन लांब बसायच्या आणि पोर जेवते का ते बघायच्या. एकदा लेकीने विचारलं, "आत्ती, तू का नाही वाढत मला?" त्या म्हणाल्या, "माझा हात चांगला न्हाय बाई." मी समोर बसून घास चावत होते. आजही कुणाच्या घरी पंगत बसली आणि वाढणारी बाई माझ्यासमोर थांबली, की माझा घास तोंडात फिरतो. कधी दुपारी नुसती पडले असताना ते पदराखालचे हात दिसतात. बाकी काही दिसत नाही, हातही दिसत नाहीत खरं तर. पदराला आलेला फुगवटा दिसतो.

मी स्वतःला सांगायची, पोरीचं लग्न होऊ दे. एकदा ती उजवली की वन्संचे पाय धरून सगळं सांगेन. हे मी बारा वर्षं सांगितलं आणि प्रत्येक वेळी मला ते खरं वाटलं.

अठरावं लागल्यावर लेकीने स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कमी करून. मला नुसतं कळवलं. विशी ओलांडल्यावर तिला पाहायला आजऱ्याचा मुलगा आला तेव्हा मी तिला लांब बाह्यांचा ब्लाऊज काढून दिला होता. पोहे झाले, दोघांना बोलायला घरामागच्या परड्यात पाठवलं. तिथे तिने बाह्या वर करून कोपर त्याच्यापुढे धरलं, रोगाचं नाव सांगितलं, गोळीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या काकांना हायच की हे." परत येऊन त्याने आपल्या आईलाही सगळ्यांसमोर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, पथ्य काय असतं. लग्न ठरलं. ज्याच्यासाठी मी सगळं केलं ते पाच मिनिटांचं काम निघालं.

हळदीच्या दिवशी वन्सं आल्या आणि मांडवाच्या खांबापाशी उभ्या राहिल्या. हळद लावायला आत्तीला आधी बोलावलं. त्या हलल्या नाहीत. "दुसऱ्या कुणाला बलवा. माझा हात नको शुभकार्याला," म्हणाल्या. लेक पाटावरून तशीच उठली, अर्धी हळद लागलेली. तिने त्यांचे दोन्ही हात पदरातून ओढून काढले, वाटीत बुडवले आणि स्वतःच्या चट्ट्यांवर ठेवले. वन्सं हुंदके देत लावत होत्या. पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बाई, चुकलं गं माझं. चुकलं गं."

लेकीने त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती. आता लपवायला काही नव्हतं. व्याही मंडळींना सगळं ठाऊक होतं, चट्टे मांडवात उघडे होते. मी दोन पावलं पुढे झाले, आणि म्हणाले, "पुरे आता वन्सं, मुहूर्त टळतोय."

इतकी वर्षं मी पोरीसाठी गप्प आहे असं मला वाटत होतं. पोरीने नजर काढून घेतली आणि पाटावर जाऊन बसली. वन्सं पुढच्या थंडीत गेल्या.