अर्धा बटाटा

महाशिवरात्रीच्या दिवशी स्कीइंग बघायला जाणं मला मुळीच पटलं नव्हतं. पण नातवंडांना हाफ टर्मची सुट्टी, मुलाने स्कॉटलंडमध्ये कॉटेज घेतलेलं आणि आमच्या डॉक्टरांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हौस दांडगी. रिटायर झाले तरी मिल्टन कीन्सपासून गाडी स्वतःच चालवत आले. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्या उपासांवर मात्र बारीक लक्ष असे. "तुझा शंकर बर्फातच राहतो ना? भेटेल तिथे," म्हणाले.

दुपारी डोंगरावर वारा सुटला. जेवण येईलच म्हणून त्यांनी कॅफेत इन्सुलिन टोचून घेतलं आणि तेवढ्यात सगळं बंद करून लोकांना खाली जायला सांगितलं. "कॉटेजवर जाऊन जेवू, जवळच तर आहे," म्हणाले. पेशंटला त्यांनी असं कधीच करू दिलं नसतं. मुलाची गाडी पुढे निसटली आणि आमची एका वळणावर बर्फात रुतली. समोरचा रस्ता दिसेना, फोन लागेना. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी उघडली तर रिकामी; नातवंडांनी खाऊ म्हणून केव्हाच फस्त केली होती. आणि माझी साबुदाण्याची खिचडी? सकाळी कॉटेजवर नैवेद्य दाखवून शंकराच्या फोटोपुढे ठेवली, ती डब्यासकट तिथेच विसरले. मी देवाला हाक मारली ती भक्तीने नव्हे, चिडून. "तुझ्यापुढे खिचडी आणि यांच्या पोटात काही नाही!"

हॉर्न दाबून धरला होता, पण त्या वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? तरी काचेवर टकटक झालं. मागच्या व्हॅनमधली एक लाल टोपीवाली बाई होती. "आर यू ऑल राइट, डिअर?" मी रडत कसंबसं सांगितलं. ती थर्मास घेऊन आली आणि भरपूर साखरेचा चहा तिने त्यांना घोटघोट पाजला. ते सावरल्यावर तिने कोटाच्या खिशातून फॉइलमध्ये गुंडाळलेला भाजका बटाटा काढला. हात गरम राहावेत म्हणून ठेवते म्हणाली. तो यांच्या हातात देऊन ती वादळात परत गेली. पुढे बर्फ काढणारी गाडी आली, आम्ही सुटलो, पण ती व्हॅन मला पुन्हा दिसली नाही. आभार मानायचे राहूनच गेले.

त्याहूनही जास्त एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती बाई जाताच त्यांनी बटाट्याचे दोन भाग केले. "अगं, उपासाला बटाटा चालतो ना? हाफ तू घे."

"साधं मीठ लावलंय त्याला. आपल्याकडे शेंदेलोणच चालतं. तुम्ही खा."

"तुझ्या शंकराने पाठवलाय, ॲट लीस्ट त्याचा तरी मान ठेव."

मी नाहीच घेतला. त्यांनी तो अर्धा भाग माझ्यासाठी फॉइलमध्ये तसाच ठेवला आणि कॉटेजवर पोचल्यावर मी तो गार झाला म्हणून टाकून दिला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले, हृदयविकाराने, झोपेत. देवाने मला त्यांचे आणखी काही महिने दिले, त्याबद्दल मी रोज हात जोडते. पण प्रसाद समोर आला की हात पुढे करावा, त्याची परीक्षा घेऊ नये, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा शिवरात्रीला मी ओव्हनमध्ये एक बटाटा भाजला. त्याला साधंच मीठ लावलं. अर्धा त्यांच्या फोटोपुढे ठेवला आणि उरलेला अर्धा गरम असतानाच खाल्ला.