गिरणी थांबली तेव्हा

येरमाळ्यातल्या त्या गिरणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दर आठवड्याला जवारीचा डबा घेऊन जायचे, तर पिठानं भुवया पांढऱ्या झालेला तो एका हातानं दाणे ढकलायचा आणि दुसऱ्या हातानं समोरच्या मोबाईलची काच पुसायचा. मोबाईलवर कायम टेनिस. जानेवारीत निळं मैदान, उन्हाळ्यात लाल माती, मग हिरवं गवत. गिरणीच्या धडधडीत एक शब्द ऐकू यायचा नाही, तरी वय झालेल्या एका खेळाडूमागं तो वर्षभर हिंडायचा.

"अहो, तुमचा गडी सारखा हरतोय की!" मी ओरडून म्हणायचे.

"हरू द्या आजी, खेळतोय न्हवं!"

मॅचसाठी त्यानं गिरणी कधी थांबवली नव्हती. परवा मात्र माझा नंबर आला आणि त्यानं बटणच बंद केलं. पट्टा सावकाश थांबला. रांगेतल्या बाया करवादल्या, "आता लाईट जाईल की वो!"

त्यानं हात जोडले. "पाच मिनटं द्या, माय. ही मॅच हरला की त्यो खेळ सोडणार हाय, अन् आता हरायलाच आलाय. चेंडू मारायच्या आधी तिथं हजारो माणसं गप बसत्यात. म्या वर्षभर नुसती धडधड केली. आज तरी गप बसावं म्हटलं."

बाया गप झाल्या. मोबाईलमधून चेंडूचा टप्पा पहिल्यांदाच ऐकू आला. डबा अजून माझ्या हातातच होता. आवाज होऊ नये म्हणून मी तो हळूच खाली टेकवला.