दुसऱ्या बाहीची झालर

नातीने मनवेलपाड्याच्या घरी माझी ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर ते चित्र बाहेर आलं. जुन्या मासिकातलं, ब्लाउजच्या फॅशनचं. बाई तिरकी उभी, एक हात पाठीमागे, समोरच्या बाहीला भरगच्च झालर. बघताच माझं डोकं पुन्हा तापलं.

माहेरी आगाशीला मला बघायला येणार होते, तेव्हा मी अगदी तस्साच ब्लाउज शिवून घेतला. आई म्हणत होती, "अगं, झालर दुसऱ्या बाहीलाही असेल." मी फॅशनमधली मोठी पंडित! म्हटलं, "चित्रात एक आहे ना? मग एकच. तुला काय कळतंय?"

पाहुण्यांपुढे वाडीतल्याच केळ्यांच्या, उन्हात सुकवलेल्या सुकेळ्यांची बशी घेऊन गेले. एका दंडावर गुलाबी कोबी फुललेला, दुसरा दंड भुंडा. मुलाच्या आईने दोन्ही बाह्या निरखल्या आणि बाबांना विचारलं, "कापड कमी पडलं का हो?"

केळीची एवढी मोठी वाडी असलेल्या माझ्या बाबांना! त्यांची खाली गेलेली मान पाहुणे उठेपर्यंत वर आली नाही. स्थळ गेलं त्याचं काही नाही, पण ते वाक्य मला अजून गिळवत नाही.

"आजी, इथे बघ." नातीने बोट ठेवलं. चष्मा लावला. बाईच्या पाठीमागून दुसऱ्या झालरीचं टोक डोकावत होतं.

"त्या मेल्या चित्रकाराला नीट काढायला काय धाड भरली होती? आणि मी माझे डोळे काय वाडीत विसरले होते?"

"तुझी आई सांगत होती ना?"

"गप्प बस. तिचं ऐकलं असतं, तर आज तू त्या 'कापड कमी पडलं का' विचारणाऱ्या बाईची पणती असतीस!"