घडी न मोडलेलं लुगडं

कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मला आईची ट्रंक आठवते.

आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. नेसायला दोनच लुगडी, दोन्ही विरलेला भाग कापून दंड घातलेली. तिसरं हिरवं लुगडं मामानं बेळगावच्या खासबागेतल्या मागावरून आणलेलं, ते ट्रंकेत. ‘मी मेल्यावर हे नेसवा,’ असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

बेळगावात माझा पदवीदान समारंभ होता, त्या सकाळी मी ते बाहेर काढलं.

“आई, आज हेच नेस.”

“खुळी हाईस काय गं? देवाच्या दारात फाटक्यानं जाऊ व्हय?”

“देव काय लुगडं बघून आत घेतोय?” दाढी करता करता आप्पा म्हणाले.

“तुमास्नी काय कळतंय! तितं माझी आई भेटंल. लेक सुखात हुती, असं वाटाय नको तिला?”

तिनं लुगडं गालाला लावलं, क्षणभर डोळे मिटले आणि होतं तसं ठेवून दिलं. समारंभात ती तंबाखूचा वास मारणाऱ्या लुगड्यात बसली. मला तेव्हा नुसता राग आला होता.

गेल्या वर्षी आई गेली. तिला नेसवताना आम्ही त्या लुगड्याची घडी मोडली, तर घडी-घडीवर ते विरून फाटलेलं. शेवटी आई फाटक्यानंच गेली.

तिथं आजी भेटली असेल, तर तिनं लुगड्याकडं बघू नये. तिच्या लेकीनं तंबाखू चाळून पोरगी शिकवली. मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.