रंधा मारणारा राजपुत्र

त्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी सूड म्हणून फोडली. रागाच्या भरात नव्हे, चांगला विचार करून.

इथे आखातात, मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मी मॅनेजर आहे. तो स्पॅनिश मुलगा तिथे सुतारकाम शिकायला आला होता. एकदा शारजाहून लाकूड आणताना आम्ही दोघं आणि गाडीवाला ट्रॅफिकमध्ये अडकलो. तेव्हा त्यानं सांगितलं, आई राजकन्या, वडील सरदार घराण्यातले, लहानपणापासून फोटोवाले मागे. इथे कुणाला ठाऊक नाही म्हणून शांतपणे रंधा मारता येतो. कुणाला सांगू नका, म्हणाला. मी शब्द दिला.

गणपतीत त्याला अल रीम बेटावरच्या माझ्या घरी बोलावलं. दारात बायकोनं हात जोडले. त्यानं आपल्या रीतीप्रमाणे तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. आरतीला मंडळी जमली होती. मग माझा एक मित्र म्हणाला, "वहिनी, आम्हीपण आता असंच भेटायचं का?"

सगळे हसले. बायकोही हसली, ते जास्त लागलं.

"रिलॅक्स बाबा, इट्स नॉर्मल देअर," मुलगी म्हणाली. मलाही ते माहीत होतं. तरी डोक्यातून जाईना.

पुढच्या आठवड्यात मी मालकाला एकट्याला गाठून, माझं नाव न घेण्याच्या अटीवर, त्याचं घराणं सांगून टाकलं; मालकानं ते चहाच्या वेळी सगळ्या कारागिरांसमोर जाहीर केलं. मुलगा मान खाली घालून बसला. मला गार वाटलं.

मालकानं त्याला सूट घालायला लावून शोरूममध्ये बसवलं, गिऱ्हाइकांबरोबर फोटोंसाठी. आमचा कोकणातला मिस्त्री त्याला "गधे, लाइन में मार" म्हणायचा. आता तोच मिस्त्री त्याला "सर" म्हणत उठून उभा राहू लागला. मुलाच्या हातात रंधा कुणी देईना. काचेपलीकडे त्याला अवघडून हसताना पाहिलं की माझा डबा मला गोड लागायचा.

शेवटी त्यानं राजीनामा दिला. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "त्या गाडीवाल्यानं ऐकलं असणार. तुम्ही सांगणार नाही, मला खात्री आहे."

मी त्याला वर्कशॉपमध्ये नेलं आणि मशीन बंद करायला लावली. मिस्त्री, मालक, सगळे बघत होते.

"गाडीवाल्यानं नाही, मी सांगितलं," मी म्हणालो. "माझ्या घरी लोक हसले, त्याचा सूड तुझ्यावर काढला. तुझी काही चूक नव्हती. तुझं काम मी हिरावलं. मला माफ कर."